तिनं कंपनीचं नाव घेतलं नव्हतं

कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. प्रभावतीनं रेडिओवर ते घेतलं नव्हतं आणि पुढचं सगळं त्यावरूनच झालं, तेव्हा मीही घेत नाही. पिंपरीच्या पुढे, मुंबई रस्त्याला लागून, पंख्यांना आणि पंपांना लागणाऱ्या विजेच्या मोटारी तिथं बनायच्या, एवढं पुरे. तशा कंपन्या त्या रस्त्याला तेव्हा बऱ्याच होत्या.

आम्ही चौतीस बायका वायंडिंगला होतो. तांब्याची तार साच्यावर गुंडाळून वेटोळी करायची आणि ती मोटारीच्या खाचांत बसवायची. हे काम बारीक बोटांचं, म्हणून बायकांना ठेवलेलं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. मी विमल, नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडची. नवऱ्याला इकडे काम लागलं म्हणून आलेली. प्रभावती ओव्हाळ माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. ती कासारवाडीची, बौद्धांच्या घरातली, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. पहिलं वर्षभर मी तिच्या डब्यातलं काही खाल्लं नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसं होतं. तिनं ते ओळखलं होतं आणि त्याबद्दल ती कधी बोलली नाही. फक्त स्वतःचा डबा माझ्यापुढे करायचं तिनं सोडून दिलं होतं. ते पुढे बदललं, कसं ते ओघात येईल.

त्र्याहत्तर साली कंपनीत नवे सुपरवायझर आले, सयाजीराव. माणूस शिव्या देणारा नव्हता. पण आल्या आल्या त्यांनी हिशेब मांडला की बायका संडासात जाऊन गप्पा मारतात आणि त्यानं माल कमी निघतो. मग शेडच्या मागं जे बायकांचं संडास होतं त्याला कोयंडा बसला, कोयंड्याला कुलूप लागलं, आणि किल्ली सयाजीरावांच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर गेली. शेजारी फळा लावला. जिला जायचं तिनं सयाजीरावांकडे जाऊन किल्ली मागायची. ते फळ्यावर खडूनं तिचं नाव लिहिणार, गेल्याची वेळ लिहिणार, आल्यावर परतीची लिहिणार. सात मिनिटांच्या वर गेली तर नावापुढे फुली. आठवड्यात तीन फुल्या झाल्या की ओव्हरटाइमला बोलावणं बंद. पुरुषांच्या संडासाला कुलूप नव्हतं.

पहिल्या आठवड्यात आम्ही हसलो. दुसऱ्या आठवड्यापासून बायकांनी पाणी प्यायचं कमी केलं. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, मग थेट संध्याकाळी. उन्हाळ्यात पत्र्याची शेड तापायची, ओठ सुकायचे, तरी माठ भरलेलाच राहायचा. मला लघवीला जळजळ सुरू झाली, ताप भरला. नवरा कामावर, शेजारपाजारात नवखी मी. प्रभावतीनं मला कामगार विम्याच्या, ईएसआयच्या दवाखान्यात नेलं, चार तास माझ्याबरोबर बाकावर बसली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं. प्रभावती म्हणाली, पाण्याचं औषध कंपनीकडे आहे, खिळ्यावर टांगलंय. त्या दिवशी तिच्या घरी जाऊन मी तिच्या सासूच्या हातची भाकरी खाल्ली.

पण तिच्या मनानं घेतलं ते खरं कस्तुरामुळे. कस्तुरा आमच्याच बाकावरची, वीस-एकवीस वर्षांची पोर, सातवा महिना लागलेला. त्या दिवसांत किती वेळा जावं लागतं ते सांगायला नको. एका दिवशी चौथ्यांदा तिचं नाव फळ्यावर लागलं. पॅकिंगची दोन माणसं माल न्यायला आली होती, त्यांनी फळा वाचला, एकमेकांकडे बघितलं आणि हसली. कस्तुरा जागेवर येऊन बसली आणि तार गुंडाळायला लागली. पाचव्यांदा ती उठलीच नाही. तासाभरानं तिच्या स्टुलाखाली फरशी ओली झालेली आम्ही पाहिली. प्रभावतीनं आपल्या डब्याची पिशवी फरशीवर टाकली, वर पाय ठेवला आणि पुसून काढलं. दुसऱ्या दिवसापासून कस्तुरा कामाला आली नाही.

रेडिओवर तेव्हा दुपारी साडेबाराला कामगारांसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. नेमका आमच्या जेवणाच्या सुट्टीत. कॅन्टीनवाल्याचा ट्रान्झिस्टर खिडकीत असायचा, त्यामुळे सगळे ऐकायचे. त्यात एकदा कार्यक्रमाच्या बाईंनी सांगितलं की कामगार भगिनींनी आपल्या रोजच्या अडचणी कळवाव्यात, निवडक भगिनींना केंद्रावर बोलायला बोलावलं जाईल. प्रभावतीनं त्याच संध्याकाळी कार्ड टाकलं. काय लिहिलं म्हणून मी विचारलं तर म्हणाली, जे आहे ते.

तीन आठवड्यांनी सरकारी पाकीट तिच्या घरी आलं. आठ मिनिटं बोलायला बोलावलं होतं. तारीख दिली होती, वेळ दिली होती, भाषण लिहून आणा म्हणून कळवलं होतं.

घरात त्यावरून बोलणं झालं ते मी समोर बसून ऐकलं. तिचा नवरा ज्योतीराम देहूरोडला लष्कराच्या डेपोत स्टोअरमध्ये होता. सरकारी नोकरी, त्यामुळे जपून राहणारा. त्याचं म्हणणं असं की जायला हरकत नाही, पण विषय बदल. स्वच्छतेवर बोल, मुलांच्या शिक्षणावर बोल. कंपनी कंपनीच असते, एका नोटिशीत घरी बसवतील. तो काही तिला दाबत नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती.

सासू तानुबाई चुलीपाशी होत्या. त्या मुलाला म्हणाल्या, "आमी गावात हिरीवर उभं ऱ्हायचो. कुणी वर्नं वतंल तवा पानी. त्ये सोडून हितं आलो ना? आता मुतायला बी हिनं कुणाला इचारायचं?"

ज्योतीराम एवढंच म्हणाला की रजेचा अर्ज नीट लिही, खोटं कारण देऊ नकोस, त्यातच पकडतात.

म्हणून तिनं अर्जात स्वच्छ लिहिलं: पुणे येथे रेडिओवर भाषण देण्यासाठी एक दिवसाची रजा मिळावी. सयाजीरावांपुढे त्या दिवशी अर्जांची चळत होती. त्यांनी न वाचता सही ठोकली. माझाही अर्ज त्यातच होता. मी कारण लिहिलं होतं, सोबत जाण्यासाठी.

कासारवाडीहून पॅसेंजरनं आम्ही शिवाजीनगरला उतरलो. केंद्रात गेल्यावर जाड दारांची, भिंतींना भोकंभोकं असलेली खोली होती. आत बोललं तर आवाज कापसात पडल्यासारखा व्हायचा. कार्यक्रमाच्या बाई, सुमनताई, पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला आणि प्रभावतीचे कागद वाचले. वाचता वाचता चष्मा काढून पुसला. मग नियम सांगितले. कंपनीचं नाव घ्यायचं नाही, कुणा माणसाचं नाव घ्यायचं नाही, लिहिलंय तेवढंच वाचायचं. प्रभावती म्हणाली, चालेल. सुमनताईंनी विचारलं की तुमचंही नाव नको असेल तर 'एक कामगार भगिनी' असं सांगता येईल, पुष्कळ जणी तसं करतात.

"माझं सांगा," प्रभावती म्हणाली. "गावासकट सांगा."

मग सुमनताईंनी पेन्सिल घेऊन दोन-तीन ठिकाणी दुरुस्ती केली. प्रभावतीनं कागद परत घेऊन पाहिला. जिथं जिथं तिनं संडास लिहिलं होतं तिथं तिथं प्रसाधनगृह झालं होतं.

"ताई, हे काय असतं?"

सुमनताईंनी सांगितलं की अर्थ तोच, पण दुपारची वेळ असते, लोक जेवत असतात, ऐकायला बरं वाटतं.

"आमच्याकडे कुलूप संडासाला आहे," प्रभावती म्हणाली. "किल्ली मागताना आम्ही संडासचीच मागतो. जेवताना ऐकवत नसेल तर आम्हाला जेवताना पाणी पिववत नाही, तेही त्यांना कळू दे."

आत काचेपलीकडे रेकॉर्डिंगचा माणूस वाट बघत होता. सुमनताईंनी खोडरबर घेतलं आणि आपलीच दुरुस्ती एकेका ओळीतून पुसून टाकली. मला त्या बाईंबद्दल तेव्हापासून आदर वाटतो, कारण त्यांच्या डोक्यावरही कुणीतरी असणारच.

त्या दिवशी रेकॉर्ड केलेलं भाषण पुढच्या बुधवारी लागायचं होतं. आम्ही कुणाला सांगितलं नाही. साडेबाराला कॅन्टीनमध्ये एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मधल्या टेबलावर सयाजीराव आणि ऑफिसचे दोन कारकून. प्रभावती माझ्या शेजारी भाकरी मोडत बसली होती. आधी एक गाणं झालं. मग सुमनताईंचा आवाज आला, आणि त्यांनी कासारवाडीच्या प्रभावती ओव्हाळ असं म्हटल्याबरोबर सगळ्या बायकांचे हात थांबले.

रेडिओतला आवाज तिचाच होता, पण जरा सावकाश. तिनं आधी काम सांगितलं: दिवसाला किती वेटोळी, तार किती बारीक, एक केस इकडचा तिकडे झाला तर मोटार कशी जळते. मग म्हणाली:

"एवढं नाजूक काम आमच्यावर विश्वासानं सोपवलं आहे. पण संडासला किती वेळ लागेल याचा विश्वास नाही. त्याला कुलूप आहे. किल्ली एका पुरुषाकडे आहे. ती मागावी लागते, आणि फळ्यावर आमचं नाव आणि वेळ लिहिली जाते. सात मिनिटं झाली की फुली. आमच्यातली एक गरोदर बाई चार वेळा किल्ली मागून थकली आणि पाचव्यांदा उठली नाही. पुढचं मी सांगणार नाही, ऐकणाऱ्या आयाबहिणींना ते कळेल. कंपनीच्या गेटवर काचेच्या पेटीत कारखान्याचा कायदा लावलेला असतो. तो वाचायला कुणी थांबत नाही, कारण अक्षर बारीक आणि काचेवर धूळ. मी एक दिवस पदरानं काच पुसली आणि वाचलं. त्यात लिहिलंय की कामाच्या सगळ्या वेळात कामगारांना संडासला जाता आलं पाहिजे. सगळ्या वेळात. सात मिनिटं असं कुठं लिहिलेलं नाही."

'सात मिनिटं' म्हटल्यावर पुरुषांच्या बाजूनं मुंडकी एकेक करून सयाजीरावांकडे वळली. त्यांचा घास हातातच राहिला. ते उठले आणि खिडकीकडे निघाले. तेवढ्यात सोपानराव म्हणून एक म्हातारे फिटर होते, टूलरूमचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, ते बसल्या जागेवरून म्हणाले, "राहू द्या राव. ऐकतोय आम्ही." सयाजीराव उभे राहिले आणि भाषण संपेपर्यंत तसेच उभे होते.

प्रभावतीनं भाकरी संपवली. मग उठली, माठापाशी गेली, पाण्याचे दोन पेले प्यायली आणि सगळ्यांसमोर सयाजीरावांना म्हणाली, "किल्ली द्या." त्यांनी शेडमध्ये जाऊन ती खिळ्यावरून काढून दिली. फळ्यावर मात्र त्या दिवशी त्यांचा हात गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पर्सोनेल मॅनेजर टिपणीस साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हे तिनं मला नंतर सांगितलं. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले की तुमचा आवाज चांगला आहे, कंपनीला तुमचा अभिमान वाटतो, पण माहिती अतिशयोक्त होती असं दोन ओळींचं पत्र केंद्राला लिहून द्या, विषय इथंच संपवू. पत्र टाइप करून तयार होतं. तिनं ते पूर्ण वाचलं, घडी घालून त्यांच्यासमोर ठेवलं, आणि यात सहीची जागा चुकली आहे, ती तुमची हवी, असं म्हणून बाहेर आली. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी तिच्या हातात नोटीस पडली. आकाशवाणीवरून भाषण करून तुम्ही आपल्या कंपनीची सार्वजनिक बदनामी केली आहे, तरी तुम्हाला कामावरून का काढू नये याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

मला वाटलं, आता ज्योतीराम तिला बोलणार. त्यानं नोटीस दोनदा वाचली. मग हात धुऊन आला, कार्बन पेपर काढले आणि म्हणाला, सांग, मी लिहितो. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. खुलासा फार मोठा नव्हता. त्यात तिनं एकच विचारलं होतं. माझ्या भाषणात कोणत्याही कंपनीचं नाव नाही, ते केंद्राकडून मागवून ऐकावं. या रस्त्याला एवढ्या कंपन्या असताना ती कंपनी म्हणजे आपलीच, हे आपण कशावरून ठरवलं, ते कळवावं.

कंपनीनं कळवलं नाही. चौकशी लावली.

चौकशी करून निकाल द्यायला कंपनीनं नेमलेले एक वकील पुण्याहून आले. पिकलेले केस, हळू बोलणारे. मला आदल्या दिवशी टिपणीस साहेबांनी बोलावून सांगितलं की तुम्ही कंपनीच्या साक्षीदार आहात. त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, तो ज्या कंपनीत होता तिथले मॅनेजर आपल्या ओळखीचे आहेत म्हणाले. मग म्हणाले की तुम्हाला खोटं काही बोलायचं नाही. एकच प्रश्न येईल, संडासला कुलूप आहे का. जे खरं असेल ते सांगा.

ते असं का म्हणतात हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कळलं. शेडमागं सुतार स्क्रू काढत होता. कोयंडा उपटला, फळा उतरवला, खिळासुद्धा काढला. बायका येऊन बघून गेल्या. काहींना आनंद झाला. मला नाही. आता विचारलं तर खरं उत्तर एकच होतं, कुलूप नाही.

अकराला ऑफिसच्या मागच्या खोलीत चौकशी सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला वकील आणि टिपणीस साहेब, दुसऱ्या बाजूला प्रभावती एकटी. तिच्या बाजूनं सोपानराव बसायला आले होते. कामगाराला आपला एक माणूस आणता येतो, म्हणून तिनं त्यांना विचारलं आणि ते हो म्हणाले. माझा नंबर यायच्या आधी मी दाराशी होते, सगळं ऐकू येत होतं.

वकिलांनी आरोप वाचला. प्रभावतीनं उभं राहून विचारलं की मी कंपनीचं नाव कुठं घेतलं तेवढं दाखवा. टिपणीस साहेब म्हणाले, नाव घेतलं नसलं तरी वर्णन या कंपनीचंच होतं, हे सगळ्यांना कळलं.

"म्हणजे इथं कुलूप आहे, किल्ली आहे, फळा आहे," ती म्हणाली. "मग ते खरं झालं. आणि नसेल तर ते वर्णन तुमचं नाही, मग बदनामी कुणाची झाली? दोनातलं एक काय ते लिहून घ्या, साहेब."

वकिलांनी पेन खाली ठेवलं आणि टिपणीस साहेबांकडे बघितलं. ते चिडून म्हणाले की या कंपनीत असलं काहीही नाही, आमच्या साक्षीदार सांगतील. मला आत बोलावलं.

मी खुर्चीवर बसले. वकिलांनी नाव, वय, काम विचारलं. मग विचारलं, "महिलांच्या संडासला कुलूप आहे का?"

नवऱ्याची नोकरी माझ्या डोळ्यांसमोर होती. दवाखान्यातला बाकही होता, आणि कस्तुराच्या स्टुलाखालची फरशी. मी म्हटलं, "आज सकाळी आठ वाजल्यापासून नाही."

वकील म्हणाले, नीट सांगा.

"दहा महिने होतं. आज आठ वाजता सुतारानं काढलं. दारावर स्क्रूची चार भोकं आहेत, लाकडाचा भुसा अजून खाली पडलाय. फळा स्टोअरमध्ये नेलाय, त्यावर कालची नावं आहेत, माझंही आहे. चला, दाखवते."

वकील खरंच उठले. टिपणीस साहेब त्यांना बसायला सांगत होते, पण ते मागं जाऊन दार बघून आले, भोकांवरून बोट फिरवून आले. परत येऊन त्यांनी काहीतरी लिहिलं, प्रभावतीची सही घेतली, माझी घेतली, आणि जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. तीन आठवड्यांनी निकाल आला, आरोप शाबीत होत नाही.

म्हणून सगळं गोड झालं असं नाही. कस्तुराला परत घ्या म्हणून आम्ही सगळ्या टिपणीस साहेबांकडे गेलो, त्यांनी जागा भरली म्हणून सांगितलं. प्रभावती तिच्या घरी चिखलीला दोनदा जाऊन आली. पोरगी झाली होती, धडधाकट. कस्तुरा मात्र पुन्हा कुठल्याच कंपनीची पायरी चढली नाही. माझ्या नवऱ्याच्या नोकरीला काही झालं नाही. ती ओळख खरी होती की नुसती धमकी, मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि नवव्या दिवशी त्यानं मित्रांपुढे भोकांचा किस्सा स्वतः रंगवून सांगितला.

प्रभावतीला त्यांनी वायंडिंगवरून काढून व्हार्निशला टाकलं. तयार मोटारी तिथं व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवतात. वासानं डोकं भणभणतं, डोळ्यांना धार लागते, नखं पिवळी पडतात. तोवर तिथं एकही बाई काम करत नव्हती. त्यांना वाटलं ती आठ दिवसांत राजीनामा देईल. ती नाकाला फडकं बांधून वर्षभर तिथं उभी राहिली. मी म्हटलं, सोड गं, दुसरीकडे बघ. तर म्हणाली, मी गेले तर यांना वाटेल की बोललं की माणूस जातं. आणि ते बाकीच्यांना दाखवतील.

पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत केंद्राचं पुन्हा पाकीट आलं. तिच्या भाषणावर पुष्कळ बायकांनी कार्डं टाकली होती, त्यामुळे सुमनताईंनी तिला परत बोलावलं होतं. या खेपेला तिनं रजेचा अर्ज दिला तो मात्र सयाजीरावांनी शब्दन् शब्द वाचला आणि थेट टिपणीस साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेबांनी तिला बोलावून विचारलं, आता कशावर. ती म्हणाली, अजून ठरवलं नाही, व्हार्निशवर बोलावं म्हणते.

चार दिवसांत व्हार्निशच्या भिंतीला भोक पाडून हवा ओढून घेणारा मोठा पंखा बसला. तिथली पुरुष माणसं सात वर्षं मागत होती तो. त्यांना हातमोजे मिळाले, डोळ्यांवर घालायचे चष्मे मिळाले. टिपणीस साहेब स्वतः बघायला आले आणि तिला म्हणाले, आता बोलण्यासारखं काही राहिलं नाही ना, बाई?

ती म्हणाली, विषयांना काय तोटा आहे, साहेब.

आणि ती बोलली. आठ आठ, दहा दहा वर्षं एकाच बाकावर काम करणाऱ्या बायकांना दर सहा महिन्यांनी चार दिवस घरी बसवून पुन्हा नव्यानं टेंपररी म्हणून कसं घेतात, त्यावर. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी बायका आणि पुरुष अशा बाजू राहिल्या नव्हत्या. सगळे खिडकीशी दाटीनं उभे होते, सोपानराव पुढे. भाषणातल्या त्या बायकांत मीही होते. माझं तिसरंच वर्ष, पण टेंपररी.

कंपनीचं नाव तिनं याही वेळी घेतलं नाही. कंपनीनं ते पुन्हा आपणहून घेतलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिपाई नव्या नोटिशीचा लिफाफा घेऊन आला आणि तिच्यासमोर धरून उभा राहिला. प्रभावतीचा हात कालवणात भरलेला होता. तिनं त्याला लिफाफा टेबलावर ठेवायला सांगितलं. मग माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागून घेतली, उरलेली अर्धी भाकरी तिच्याशी खाल्ली, हात धुतले, पुसले, आणि लिफाफा फोडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.